तोल : जाणारा, ढळणारा, सावरणारा

वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर ‘तोल जाऊन’ ही शब्दजोडी इतक्या नेमाने भेटते की तिच्याकडे आता कोणाचे लक्षही जात नाही. विहिरीवर पाणी शेंदताना तोल जाऊन, माडावर नारळ काढताना तोल जाऊन, कड्याच्या टोकाशी छायाचित्र काढून घेताना तोल जाऊन, लोकलच्या दारातून तोल जाऊन. एवढे दोन शब्द लिहिले की अपघाताचे कारण लिहून झाले, असा बातमीदाराचा आणि बहुधा पंचनामा लिहिणाऱ्याचाही समज असतो. विहिरीला कठडा होता की नाही, डब्यात किती माणसे कोंबलेली होती, असे प्रश्न मग वाक्यातच उरत नाहीत, कारण वाक्याचा कर्ता तोल झालेला असतो आणि तो आपला आपण गेलेला असतो. भान जाते, शुद्ध जाते, तसाच तोल जातो. कोणी त्याला घालवत नाही.

या शब्दाचे मराठीतले वागणे पाहण्यासारखे आहे. तोल जातो, सुटतो, ढळतो, बिघडतो. तो सावरावा लागतो, सांभाळावा लागतो, राखावा लागतो. या क्रियापदांमध्ये बारीक फरक आहेत आणि ते बोलणाऱ्याला कोणी शिकवलेले नसतानाही तो ते पाळतो. चिखलात पाय घसरला की तोल जातो. तिथे ‘ढळला’ म्हटले तर कानाला खटकते. मनाचा तोल मात्र ढळतो, कारण ढळणे हळू असते, जागेवरून थोडेसे सरकणे असते. बोलताना जो सुटतो तो तोल हातातून दोरी सुटावी तसा एकाएकी सुटतो. सावरणे ही घसरल्यानंतरची क्रिया, सांभाळणे ही घसरण्यापूर्वीची दक्षता आणि राखणे हे दीर्घकाळचे काम. परंतु ‘माझ्याकडे तोल आहे’ असे सहजपणे म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही. पुस्तकांची परीक्षणे लिहिणारे ‘लेखनात तोल आहे’ असे लिहितात, तो अपवाद. एरवी तोल आपल्या भाषेत येतो तो जाण्याच्या वेळी किंवा जाता जाता परत आणण्याच्या वेळी. आपल्या जवळ असतो तोवर त्याचे नाव घेण्याची कोणाला गरज भासत नाही.

शब्द जुना आहे. संस्कृतातील ‘तुल्’ या धातूचा अर्थ उचलणे आणि उचलून वजन पाहणे असा दुहेरी आहे, आणि त्या दोन्ही अर्थांची संतती मराठीत सुखाने नांदते आहे. तुला, तुलना, तुल्य, अतुल ही मंडळी एका बाजूला. तोलणे, तोलाई, तोलामोलाचा ही बाजारातली मंडळी दुसऱ्या बाजूला. सोनाराच्या पेढीवरचा तोळा याच घरातला. जुन्या वाड्याच्या छताखाली जी आडवी तुळई असते तीही याच कुळातली, कारण तुला म्हणजे तराजू तसाच तुला म्हणजे आढ्याचा भार घेणारे लाकूड. म्हणून मराठीत तोलणे म्हणजे केवळ वजन करणे नव्हे. खांब छत तोलून धरतो, एखादी बाई घर तोलून धरते. मोजणे, मापणे आणि जोखणे या शेजारच्या क्रियापदांना ही दुसरी बाजू नाही. घर मोजता येते, मापता येते, एखादा दलाल ते जोखूनही पाहील, पण तोलून धरायला त्याच्या भाराखाली कोणालातरी उभे राहावे लागते.

माझ्या आजोबांचे तालुक्याच्या गावी किराणा मालाचे दुकान होते, आणि या शब्दाच्या आसपासचे बरेचसे शब्द मी त्या दुकानाच्या पायरीवर बसून ऐकले. धान्य मापात जात असे आणि गूळ, मिरची, शेंगदाणे तोलात. माप म्हणजे आकारमान: पायली, शेर, मापटे, चिपटे, वर शीग लावायची की हात फिरवून सपाट करायचे, यावर गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यात घासाघीस व्हायची. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे आणि मग दोन, तीन अशी गणना पुढे जायची. तोलाची भाषा वेगळी. तिथे तराजू, त्याची दांडी, दोन पारडी आणि दांडीच्या मधोमध उभा राहणारा काटा. गिऱ्हाइकाने तेलासाठी किंवा काकवीसाठी आपले भांडे आणले की आजोबा आधी त्याचा धडा करायचे. एका पारड्यात रिकामे भांडे आणि दुसऱ्यात खडे, खिळे, जुनी वजने असे काहीबाही टाकून काटा मध्यावर आणायचा आणि मगच माल घालायचा. भांड्याचे वजन किती हे धडा करणाऱ्याला कळत नाही आणि कळण्याची त्याला आवश्यकताही नसते. ते हिशोबातून बाद झाले म्हणजे झाले.

तराजूची दोन पारडी वापरून वापरून कधीच सारखी राहत नाहीत. एक झिजते, दुसऱ्याच्या साखळीला मळ धरतो. मग हलक्या बाजूला लोखंडाचा एखादा तुकडा तारेने बांधतात, त्याला पासंग म्हणतात. हा शब्द फारसीतून आला आणि त्यातला ‘संग’ म्हणजे दगड. ‘तो याच्या पासंगालाही पुरणार नाही’ हे वाक्य आपण कुस्तीगिरांबद्दल, गायकांबद्दल, पुढाऱ्यांबद्दल बिनदिक्कत वापरतो, तेव्हा तो माणूस समोरच्या पारड्यातले वजन होणे तर दूरच, तराजूची खोड काढण्यासाठी बांधायच्या चिपाएवढाही नाही, असे आपण म्हणत असतो. इतका सविस्तर अपमान इतक्या थोड्या शब्दांत करण्याची सोय बाजाराने भाषेला करून दिली आहे. बेइमान दुकानदारासाठीही शब्द बाजारानेच दिले: दांडी मारणे, मापात पाप. आणि आज उसाच्या पट्ट्यात जो शब्द सर्वांत कडवटपणे उच्चारला जातो तो काटामारी. तराजू जाऊन वजनकाटे विजेवर चालू लागले तरी काट्याबद्दलचा संशय जागच्या जागीच राहिला.

आजोबांकडून ऐकलेली तराजूबद्दलची एक गोष्ट मात्र मला बरीच उशिरा समजली. नवा तराजू घेताना ते रिकामा तराजू उचलून एका पारड्याला बोटाने हलकेच टिचकी मारायचे. काटा थोडा इकडे, थोडा तिकडे झुलून मध्यावर आला तर तराजू चांगला. टिचकी मारल्यावर जो जागचा हललाच नाही किंवा हलून एका बाजूला बसून राहिला, तो ते परत करायचे. पुढे शाळेत भौतिकशास्त्राच्या बाईंनी याचे कारण सांगितले. दांडी ज्या धारेवर टेकलेली असते तिच्या किंचित खाली दांडीचा गुरुत्वमध्य असावा लागतो. तो धारेच्या वर गेला तर तराजू एकदा कलला की कललेलाच राहतो, आणि फार खाली गेला तर तराजू मंद होतो, लहानसहान फरक त्याला जाणवेनासे होतात. म्हणजे चांगल्या तराजूचे लक्षण स्थिर असणे हे नसून ढळून परत येणे हे आहे. मराठीने तोलाला जाण्याची आणि सावरण्याची क्रियापदे दिली ती काही उगीच नव्हेत, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

सोनाराचा ताजवा हे या बाबतीतले सर्वांत नाजूक उदाहरण. त्याला काचेच्या पेटीत ठेवतात, कारण पंख्याच्या वाऱ्याने, किंबहुना गिऱ्हाइकाच्या श्वासानेही, त्याची पारडी हलतात. त्याची जुनी वजने वेलीवर पिकत असत: लाल अंगाची, काळ्या डोळ्याची, देखणी आणि विषारी गुंज. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे एका तोळ्यात शहाण्णव गुंजा आणि आजच्या हिशोबात ११.६६ ग्रॅम. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून किलो-ग्रॅम बाजारात उतरू लागले, तरी लग्नाच्या याद्यांमधून तोळा गेला नाही. फक्त तो गुपचूप दहा ग्रॅमचा झाला. सोनाराच्या पेढीवरून घरात आलेला ‘तोळामासा’ हा शब्द मला फार आवडतो. तोळामासा प्रकृती म्हणजे आज बरी, उद्या नाही. गार वारा लागला की बिघडली, कोणी लागट बोलले की खालावली. ताजव्याचा गुण माणसात उतरला की तो दोष होतो, हे त्या शब्दाने अचूक टिपले आहे. तराजूने श्वासाने हलावे ही अपेक्षा योग्य, माणसाने हलू नये.

तोलण्याच्या ज्या कथा महाराष्ट्राने सांभाळून ठेवल्या आहेत त्यांतही पारडी सहसा सरळ वागत नाहीत. पुण्याजवळ भीमा आणि इंद्रायणी यांच्या संगमावर तुळापूर आहे. आज आपण तिथे संभाजी महाराजांच्या स्मृतीपुढे नतमस्तक होण्यासाठी जातो, पण गावाचे नाव त्याहून जुन्या प्रसंगाचे आहे. आदिलशाहीतील सरदार मुरार जगदेव याने १६३३ साली तिथे तुलादान केले. त्याला आपल्या हत्तीच्या भारंभार दान करायचे होते, पण हत्ती मावेल असे पारडे कुठून आणायचे? तेव्हा शहाजीराजांनी युक्ती सुचवली, अशी कथा सांगतात. हत्तीला नावेत चढवायचे, नाव किती बुडाली तिथे खूण करायची, हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत नाव बुडेल इतके दगड भरायचे आणि मग ते दगड तोलायचे. नदीलाच तराजू केल्याची ही कथा शाळेतल्या मुलांनाही चटकन कळते. दुसरी कथा कृष्णाच्या तुळेची. सत्यभामेने अंगावरचे आणि कोठारातले सगळे दागिने पारड्यात घातले तरी कृष्णाचे पारडे जमिनीवरून उठले नाही, आणि रुक्मिणीने ठेवलेल्या तुळशीच्या एका पानाने काम झाले. कीर्तनकार ही कथा भक्तीचा महिमा म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच, पण प्रत्येक तोलात काय घातले यापेक्षा कोणी घातले हे मोजले जाते, ही बाजारात कधीच मान्य होणार नाही अशी गोष्टही ती सांगून जाते.

शिवराज्याभिषेकाच्या वेळी १६७४ साली रायगडावर सुवर्णतुला झाली. तुलेची ही परंपरा आज कुठवर आली आहे हे पाहायचे असेल तर एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला जावे. ग्रंथतुला, वह्यांची तुला, लाडूतुला, पेढेतुला, रक्ततुला. रक्ततुलेत निदान रक्तपेढीचे भले होते. बाकीच्या तुलांमध्ये सत्कारमूर्तीचे वाढते वजन ही एकमेव आनंदाची बातमी असते, कारण तेवढ्या अधिक वह्या गरीब मुलांच्या हाती पडतात.

आता थोडे ‘समतोल’ या शब्दाबद्दल. समतोल आहार, पर्यावरणाचा समतोल, प्रादेशिक समतोल. आणि त्याहूनही अधिक सरकारी वळणाचा ‘संतुलन’. या शब्दांशी माझे भांडण नाही, पण त्यांनी एक गैरसमज पसरवला आहे: तोल म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. तराजूपुरते हे खरे, कारण त्याच्या दांडीचे दोन्ही हात एकाच लांबीचे असतात. बाकी जगातला तोल क्वचितच असा असतो. बैलगाडीत माल भरणाऱ्याला विचारावे. भार पाठीमागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जोखड वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसू लागतो. पुढे जास्त झाला की सगळे ओझे त्यांच्या मानेवर येते. चाकाच्या आसापासून पुढे किती आणि मागे किती हे तो जुवाखाली हात घालून, थोडे उचलून पाहतो. त्याला दोन्हीकडे सारखे वजन नकोच असते. जोखड मानेवर टेकून राहील एवढा पुढचा कल त्याला हवा असतो. चढ लागला की हा हिशोब बदलतो, उतार लागला की पुन्हा बदलतो, आणि जाणता गाडीवान तेव्हा स्वतः पुढे किंवा मागे सरकून बसतो. गाडीतले चल वजन तोच.

कावडीचेही तसेच. चैत्र शुद्ध द्वादशीला शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवासाठी सासवडहून भुतोजी तेली यांच्या परंपरेची कावड कऱ्हेचे पाणी घेऊन येते आणि मुंगी घाटाने वर चढते. हा घाट म्हणजे रस्ता नव्हे. दगड, कपारी आणि उभी चढण. माणसांची साखळी करून, एकमेकांचे हात धरून, पाण्याने भरलेले घट आणि उंच काठी असलेली ती कावड वर नेतात. ‘हर हर महादेव’च्या गजरात ती डुलत असते. एका बाजूचा खांदा वरच्या कपारीवर पोहोचलेला असतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा अजून हातभर खाली असतो, म्हणून कावड क्षणभरही समतल नसते आणि तरी तिचा तोल राखलेला असतो. तिथे कोणी ‘समतोल साधा’ असे ओरडत नाही. ‘धरा’, ‘सोडा’, ‘उचला’ एवढेच ओरडतात.

वृत्तवाहिन्यांच्या चर्चांमध्ये समतोलाच्या नावाखाली चालते ते मला म्हणूनच पटत नाही. एका बाजूला आयुष्यभर त्या विषयाचा अभ्यास केलेली व्यक्ती बसवायची, दुसऱ्या बाजूला काल रात्री मत तयार झालेली व्यक्ती बसवायची, दोघांना सारखी मिनिटे द्यायची आणि समतोल झाला म्हणायचे. इथे धडा कोणी केलेला नसतो. मराठीत या प्रसंगी उपयोगी पडावा असा शब्द ‘तारतम्य’ हा आहे. संस्कृतात विशेषणाला लागणाऱ्या ‘तर’ आणि ‘तम’ या प्रत्ययांपासून तो झाला. अधिक कोणते आणि सर्वाधिक कोणते हे ओळखण्याची शक्ती म्हणजे तारतम्य. ज्याला तारतम्य आहे तो दोन्ही पारडी सारखी करण्याच्या खटाटोपात पडत नाही, जड बाजूला जड म्हणतो.

शरीराच्या तोलाकडे माझे लक्ष गेले ते आत्यामुळे. पंच्याहत्तरी ओलांडल्यावर तिला चालताना आधार लागू लागला. घरातल्या प्रत्येकाने तिला चक्कर येते असे ठरवून टाकले आणि आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी कागदावर काही लिहिण्याआधी विचारले, “आजी, चक्कर येते म्हणजे नक्की काय होतं? खोली फिरते, डोळ्यांपुढे अंधारी येते, की तोल जातो?” आत्या म्हणाली, “खोली जागच्या जागी असते हो. मीच एका अंगाला जाते.” त्या एका वाक्याने तपासाची दिशा ठरली.

आपल्या भाषेत यासाठी केवढे शब्द आहेत याचा मला तेव्हा अचंबा वाटला. गरगरणे म्हणजे भोवतालचे जग फिरणे. भोवळ किंवा घेरी येणे म्हणजे शुद्ध हरपू लागणे. अंधारी येणे म्हणजे एकदम उठून उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे काळोख पसरणे. झोक जाणे म्हणजे चालता चालता शरीर एका बाजूला ओढले जाणे, आणि झोकांड्या खाणे हे त्याचे टोकाचे रूप. चक्कर हा शब्द या सर्वांवर पांघरुणासारखा घातला जातो आणि मग वेगवेगळी दुखणी त्याच्याखाली झाकून जातात. वैद्यकात त्यांची कारणेही वेगवेगळी आहेत. कानाच्या आतल्या भागात प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांतील द्रव डोके वळले की हलतो. त्यांच्याजवळच कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण असलेले दोन अवयव असतात आणि ते सरळ रेषेतली हालचाल व गुरुत्वाची दिशा सांगतात. तिथले कण जागा सोडून नलिकेत शिरले की अंथरुणात कुशीवर वळतानाही खोली गरगरते. डॉक्टर डोके ठरावीक क्रमाने वळवून ते कण परत जागेवर आणू शकतात. अंधारी येते तेव्हा पुष्कळदा रक्तदाब उतरलेला असतो.

आत्याचे निराळे निघाले. डॉक्टरांनी तिला पाय जोडून उभे केले, आणि ती नीट उभी राहिली. मग डोळे मिटायला सांगितले, आणि ती लगेच डोलू लागली. माणूस उभा राहतो तो तीन ठिकाणांहून येणाऱ्या बातमीवर: कान, डोळे आणि तळपाय व घोटे. तिच्या जुन्या मधुमेहाने तळपायांची संवेदना बोथट झाली होती, म्हणून जमीन कुठे आहे हे तिला पायांकडून कळत नव्हते आणि ती केवळ डोळ्यांच्या भरवशावर चालत होती. रात्री दिवा नसलेल्या मोरीत, तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तिचा तोल का जायचा याचा उलगडा तेव्हा झाला. डॉक्टरांनी रात्रभर एक लहान दिवा चालू ठेवायला, मोरीत भिंतीला दांडा बसवायला आणि अनवाणी न चालायला सांगितले. आत्याला औषध न देता दिवा लिहून देणारा हा डॉक्टर कमालीचा आवडला.

त्याच भेटीत मी विचारले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की धडधाकट माणूसही कधी स्थिर उभा नसतो. आपण उभे असतो तेव्हा शरीर सतत किंचित पुढे-मागे झुलत असते आणि घोट्याचे व पोटरीचे स्नायू त्याला ओढून परत आणत असतात. हे झुलणे इतके बारीक असते की आपल्याला जाणवत नाही. आजोबांच्या टिचकीने हलणारा काटा आणि बसच्या रांगेत उभा असलेला माणूस यांचे काम एकाच रीतीने चालते, एवढे त्यावरून लक्षात आले.

दोरीवरच्या खेळात ही रीत सर्वांना दिसेल इतकी मोठी होते. डोंबाऱ्याच्या खेळात दोन बाजूंना बांबूंच्या कैच्या उभ्या करून त्यांच्यामध्ये दोरी ताणतात आणि तिच्यावरून बहुधा घरातली मुलगी आडवा बांबू हातात घेऊन चालते. तो बांबू शोभेसाठी नसतो. लांब आणि जड काठी हातात असली की शरीर एका बाजूला कलायला अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात पाय दुरुस्ती करून घेतात. मुलगी दोरीवर ताठ उभी नसते. तिची कंबर, खांदे, बांबूची टोके अखंड हलत असतात, आणि ज्या क्षणी ती ताठ होईल त्या क्षणी पडेल. डोंबारी ही जमात महाराष्ट्रातील भटक्या जमातींच्या सूचीत आहे. तिच्या वाट्याला गावकुसाबाहेरचे जिणे आले आणि तिच्या खेळातून मिळालेला ‘तारेवरची कसरत’ हा वाक्प्रचार मात्र अर्थसंकल्पाच्या अग्रलेखांत आणि आघाडी सरकारांच्या बातम्यांत प्रतिष्ठेने वावरतो आहे. अर्थमंत्र्यांच्या खाली गादी असते.

जिभेचा तोल हा राजकारणाचाच आणखी एक विभाग. सभेत कोणी अर्वाच्य बोलले की दुसऱ्या दिवशी मथळा येतो, ‘जिभेचा तोल सुटला’ किंवा ‘बोलताना तोल गेला’. सुरुवातीला जी अपघाताची भाषा पाहिली तीच इथे पुन्हा उभी राहते. माडावरून पडलेल्या माणसाला लावायचा शब्द आपण ध्वनिक्षेपकासमोर उभ्या असलेल्या माणसाला लावतो आणि त्याने केलेली गोष्ट त्याच्या बाबतीत घडलेली गोष्ट होऊन जाते. एखाद्याचा तोल एकदा जाऊ शकतो. दर निवडणुकीत, टाळ्या मिळणाऱ्या त्याच वाक्यावर, त्याच समाजाबद्दल किंवा बायकांबद्दल बोलताना जातो तेव्हा तो तोल जाणे नसते, ते तोलूनमापून बोलणे असते. मथळा लिहिणाऱ्यांनी क्रियापद तेवढे बदलावे.

न्यायाच्या तोलाबद्दल सर्वांनाच आस्था असते, म्हणून एक छोटी नोंद करते. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या ग्रंथालयातील न्यायदेवतेच्या नव्या मूर्तीची ऑक्टोबर २०२४ मध्ये बरीच चर्चा झाली. तिच्या डोळ्यांवरची पट्टी गेली, हातातल्या तलवारीच्या जागी संविधान आले, आणि तराजू होता तसा राहिला. डोळे उघडे ठेवून तोलणारी देवता आजोबांना पटली असती. पट्टी बांधून काटा कसा पाहायचा, हा प्रश्न कोणत्याही दुकानदाराला पडेल.

‘तोलून धरणे’ या प्रयोगाबद्दल लिहायचे राहू नये. आत्याच्या यजमानांची नोकरी गिरणीच्या संपात गेली, त्यानंतरची कित्येक वर्षे तिने शिवणकाम आणि पोळ्यांचे डबे यांवर घर चालवले. नातेवाइकांत तिच्याबद्दल एकच वाक्य बोलले जाई, “तिने घर तोलून धरलं.” हल्ली मासिकांतून नोकरी आणि घर यांचा समतोल साधण्याचे उपाय छापून येतात. त्यांत आठवड्याचे वेळापत्रक असते, स्वतःसाठी राखून ठेवायचा तास असतो. उपाय वाईट नाहीत, परंतु त्यांतली कल्पना दोन पारड्यांची आणि मध्ये तटस्थ उभ्या असलेल्या काट्याची आहे. आत्या काट्याच्या जागी कधीच नव्हती, ती तुळईच्या जागी होती. तुळईला दोन बाजूंमध्ये निवड करायची नसते, तिला वरचा भार घ्यायचा असतो. आणि तिला कुठे तडा गेला आहे का हे पाहायला घरातले लोक सहसा मान वर करत नाहीत. “तोलून धरलं” या कौतुकात खाली कोणी टेकू दिला नाही ही कबुलीही असते, आणि ती कौतुक करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

नव्या पिढीच्या बोलण्यात तोलाच्या जागी ‘बॅलन्स’ आला आहे, आणि त्याबद्दल गळा काढण्याची माझी इच्छा नाही. सायकल शिकणारे पोर ‘बॅलन्स जातोय’ असे ओरडते, तेव्हा क्रियापद तरी मराठीच असते. तोलाने बॅलन्सलाही जायला शिकवले. फरक पडतो तो दुसरीकडे. फोनचा बॅलन्स संपतो, बँकेतला बॅलन्स कमी होतो, हिशोब बॅलन्स होत नाही आणि पायाचाही बॅलन्स जातो. यांसाठी आपल्याकडे निरनिराळे शब्द होते: उरलेल्या पैशाला शिल्लक, जमाखर्च जुळण्याला ताळा आणि त्यावरून ताळेबंद, शरीराला आणि मनाला तोल. ताळा हाही तोलाचा चांगला शेजारी. गणिताचे उत्तर बरोबर आहे का हे पाहण्यासाठी ताळा करायचा, आणि बहकलेल्या माणसाला ताळ्यावर आणायचे. शिल्लक संपू शकते, ताळा चुकू शकतो, तोल जाऊ शकतो. संपलेली शिल्लक पुन्हा मिळवावी लागते, चुकलेला ताळा पहिल्यापासून करावा लागतो आणि गेलेला तोल पडण्याच्या आत सावरता येतो. एका शब्दात तिन्ही कोंबले की या तीन वेगळ्या कामांमधला भेद बोलण्यातून नाहीसा होतो. अजून एक जागा मात्र बॅलन्सच्या हाती लागलेली नाही. जिभेचा बॅलन्स गेला असे मी अद्याप कोणाला म्हणताना ऐकलेले नाही. तिथे अजून तोलच जातो.